विवाल्दी: 'फोर सीझन्स'पासून सुरुवात, आणि त्यानंतर काय ऐकावं?

आसावरी:

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या जुन्या धाग्यावर दोन-तीन जणांनी विचारलं होतं, की विवाल्दीचं 'फोर सीझन्स' सोडून आणखी काय ऐकावं. बाख आणि बेथोव्हेनच्या चर्चेत तो प्रश्न मागे पडला, म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे. नव्याने ऐकणाऱ्यांनी मोकळेपणाने विचारा. मुरलेल्या श्रोत्यांना एकच विनंती: नुसती नावं लिहू नका, त्या रचनेत कान कुठे लावायचा तेही सांगा.

अंतोनिओ विवाल्दी व्हेनिसचा. जन्म ४ मार्च १६७८. वडील सान मार्को बॅसिलिकाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत, त्यामुळे हात घरातच तयार झाला. १७०३ साली त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. केस तांबडे, म्हणून लोक त्याला 'तांबडा पाद्री' म्हणत. छातीच्या दुखण्यामुळे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणं त्याने थोड्याच काळात थांबवलं. दीक्षा मिळाली त्याच वर्षी तो 'ओस्पेदाले देल्ला पिएता' या संस्थेत व्हायोलिन शिकवू लागला. टाकून दिलेल्या बाळांना सांभाळणारी ही संस्था. तिथल्या ज्या मुलींच्या गळ्यात किंवा हातात सूर असेल त्यांना कसून तालीम मिळे, आणि त्यांचं गाणं-वाजवणं ऐकायला युरोपभरातून प्रवासी येत. मुली जाळीआड बसून वाजवत. कुळाचं नाव नसल्यामुळे त्या वाद्याच्या नावानेच ओळखल्या जात. त्यांतली आना मारिया ही व्हायोलिनवादक त्या काळात खूप गाजली, आणि विवाल्दीच्या काही कॉन्चेर्तोंवर (एक किंवा काही वाद्यं पुढे आणि बाकी वृंद साथीला, अशा रचना) तिचं नाव आहे.

हे मुद्दाम सांगते, कारण त्याने सुमारे पाचशे कॉन्चेर्तो लिहिले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे एकट्या व्हायोलिनसाठी आहेत. इतकं अवघड काम तो लिहू शकला याचं एक कारण म्हणजे ते वाजवणाऱ्या मुली त्याच्यासमोर होत्या. विवाल्दीबद्दल बोलताना त्यांचा उल्लेख राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आता माझं मत. सुरुवात 'फोर सीझन्स'पासूनच करा. 'ते काय, सगळ्यांनाच माहीत आहे' म्हणून टाळू नका. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातले पहिले अर्धं मिनिट माहीत असतं, पूर्ण रचना नव्हे. १७२५ साली आम्स्टरडॅमला छापलेल्या बारा कॉन्चेर्तोंच्या संचातले (ऑपस ८; ऑपस म्हणजे छापील संचाचा क्रमांक) हे पहिले चार. प्रत्येक ऋतूला एक सुनीत जोडलेलं आहे, आणि त्या सुनीताच्या ओळी अक्षरांच्या खुणांसह थेट स्वरलिपीत छापल्या आहेत: इथे पक्षी, इथे झरा, इथे वीज. सुनीतं कुणी लिहिली ते छापलेलं नाही, पण ती त्याचीच असावीत असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांचं भाषांतर सहज मिळतं. ते हातात ठेवून ऐका.

'वसंता'च्या मधल्या संथ भागात एकटं व्हायोलिन झोपलेल्या गुराख्याचं गाणं गातं, बाकीची व्हायोलिनं पानांची सळसळ करतात, आणि व्हियोला (व्हायोलिनचाच थोडा मोठा, खालच्या सुराचा भाऊ) दोन-दोन स्वर जोरात ओढत राहतो. तो गुराख्याचा कुत्रा आहे, भुंकतोय! विवाल्दीने तिथे व्हियोलावाल्यांना ठणकावून वाजवायला सांगितलंय. खर्जाची वाद्यं या भागात पूर्ण गप्प आहेत, म्हणून सगळं हवेत तरंगल्यासारखं वाटतं. सुनीत न वाचता ऐकलं तर व्हियोला एवढा का खटकतो ते कळत नाही.

तुमच्या आवडीचं लिहा. मी बाकीच्या ऋतूंबद्दल पुढे सवडीने लिहीन.


नवा श्रोता:

धागा वाचून आनंद झाला, आसावरीताई. मी हिंदुस्थानी संगीत ऐकत मोठा झालो, पाश्चात्त्य संगीतातलं काहीच कळत नाही. दोन शंका आहेत. नोटेशन यायला हवं का? आणि एक रचना ऐकायची म्हणजे किती वेळ लागतो? सिम्फनी ऐकायला बसलो तर मी मध्येच हरवतो.


आसावरी:

@नवा श्रोता, नोटेशनची काही गरज नाही. आणि वेळेच्या बाबतीत विवाल्दी फार सोयीचा आहे. एक कॉन्चेर्तो साधारण दहा मिनिटांचा, त्यात तीन भाग: जलद, संथ, जलद. चारही ऋतू मिळून चाळीसएक मिनिटं.

तुम्ही हिंदुस्थानी ऐकता तर जलद भागांची बांधणी तुम्हाला पटकन उमगेल. सगळे वादक मिळून सुरुवातीला एक ठसठशीत तुकडा वाजवतात, त्याला रितोर्नेल्लो म्हणतात. मग एकटा वादक आपली करामत दाखवतो, पुन्हा सगळे तो तुकडा घेऊन येतात, पुन्हा एकटा निघतो. बंदिशीचा मुखडा जसा विस्तारानंतर परत परत येतो, तसंच. फरक एवढाच, की इथे तो तुकडा येताना बहुतेक वेळा वेगळ्या पट्टीत येतो, आणि शेवटी मूळ पट्टीत परततो. एकदा तो तुकडा ओळखीचा झाला की हरवायला होत नाही.


तिसरा प्रहर:

विषय उत्तम. पण सुरुवातीबद्दल माझं मत वेगळं आहे. 'फोर सीझन्स' इतकं कानावरून गेलेलं असतं की नवा माणूस ते लक्ष देऊन ऐकूच शकत नाही. मी नेहमी 'लेस्त्रो आर्मोनिको' सुचवतो. ऑपस ३, १७११, हाही आम्स्टरडॅमलाच छापलेला, बारा कॉन्चेर्तोंचा संच. त्याने युरोपभर विवाल्दीचं नाव केलं.

यातला अकरावा, डी मायनर पट्टीतला (आरव्ही ५६५; आरव्ही हा विवाल्दीच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), ऐका. सुरुवातीला फक्त दोन व्हायोलिन एकमेकांच्या मागे धावतात, बाकी कुणी नाही. मग चेलो घुसतो. तीन-चार संथ स्वरगुच्छ येतात, आणि त्यानंतर फ्यूग सुरू होतो, म्हणजे एकच ओळ एकामागून एक सगळ्या वाद्यांत येत जाते. 'विवाल्दी सोपा आहे' असं म्हणणाऱ्याने हा फ्यूग एकदा ऐकावा. त्यानंतर येणारा लार्गो, म्हणजे संथ भाग, मी कुठल्याही रचनेबदल्यात देणार नाही.

आणि या संचाचा सगळ्यात मोठा चाहता कोण, तर बाख. जर्मनीत वायमारला नोकरीत असताना, १७१३-१४ च्या सुमारास, त्याने या संचातले कॉन्चेर्तो ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं कळपट्टीचं वाद्य) उतरवले. हा डी मायनरवालाही त्यात आहे. दहावा, चार व्हायोलिनांचा (आरव्ही ५८०), त्याने पुढे चार हार्प्सिकॉर्डांसाठी केला. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. बाखने काय जोडलंय ते कळतं, आणि मुळात किती होतं तेही.


हिमगंध:

तिसरा प्रहर, ऑपस ३ मधला सहावा कॉन्चेर्तो, ए मायनर (आरव्ही ३५६), आमच्या घरात रोज ऐकू येतो. लेक सुझुकी पद्धतीने (लहान मुलांना ऐकून ऐकून वाद्य शिकवण्याची पद्धत) व्हायोलिन शिकते, आणि चौथ्या पुस्तकात याचा पहिला आणि तिसरा भाग आहे. जगभरातल्या लाखो मुलांना मोठ्या कॉन्चेर्तोची पहिली ओळख याच रचनेतून होत असणार. एकच स्वर ठासून पुन्हा पुन्हा वाजवून सुरुवात होते, आणि मुलांना तो ठेका लगेच आवडतो.

पण पुस्तकातून राहिलेला मधला संथ भाग जरूर ऐका. बाकीची व्हायोलिनं फक्त लांब स्वर धरून ठेवतात, आणि एकटं व्हायोलिन वर फिरत राहतं. लेकीला तो वाजवता येत नाही अजून, पण ती मला रोज लावायला सांगते.

आम्ही मॉन्ट्रियलला राहतो, त्यामुळे 'शिशिरा'बद्दल दोन शब्द. दात वाजणं, पाय आपटत चालणं, बर्फावर जपून पाऊल टाकणं, घसरून पडणं, बर्फाला तडा जाणं, हे सगळं त्यात शब्दशः आहे. व्हेनिससारख्या शहरातल्या माणसाने गोठलेल्या बर्फावर चालण्याची भीती इतकी नेमकी पकडली याचं दर हिवाळ्यात नवल वाटतं. मधल्या लार्गोत आत शेकोटी आणि बाहेर पाऊस आहे. पावसाचे थेंब म्हणजे व्हायोलिनच्या तारा बोटाने छेडून काढलेले स्वर. हा भाग बरेच जण फार संथ वाजवतात. थोडा चालता ठेवला तर थेंब थेंबांसारखे पडतात.


मांडवीकाठ:

अजून कुणी 'ग्लोरिया'चं नाव घेतलं नाही, म्हणून लिहितो.

मी गोव्याचा. आमच्याकडे चर्चच्या शाळांत मुलांना सोलफेज (स्वरांची नावं घेत गाण्याचा सराव) आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा, आजोबा त्यातूनच शिकले. मी स्वतः क्वायरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) बास, म्हणजे पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज, गातो. 'ग्लोरिया' (आरव्ही ५८९, डी मेजर) म्हणजे बारा छोट्या भागांची, अर्ध्या तासाची रचना. मिस्सातल्या 'ग्लोरिया' या एका प्रार्थनेचाच सगळा मजकूर त्यात आहे. साधारण १७१५ च्या सुमाराची, पिएतातल्या मुलींसाठी लिहिलेली.

सुरुवात ट्रम्पेट आणि ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) यांच्यासकट, सप्तकाच्या उड्या घेत, अगदी उत्सवी. ती सगळ्यांना आवडते. पण गायकांच्या मनात राहतो तो दुसरा भाग, 'एत इन तेर्रा पाक्स'. पृथ्वीवर शांती असो, असे शब्द आहेत, आणि सूर मात्र बी मायनरचे, उदास. एकेक आवाज सावकाश आत येतो आणि शेजारच्या आवाजाला घासून पुढे जातो. शांती मागतोय तो, मिळालेली नाही, असं वाटतं मला ते गाताना. सहावा भाग 'दोमिने देउस' हा एकट्या सोप्रानोचा (सगळ्यात उंच स्त्री-आवाज), सोबत ओबो. तो नव्या श्रोत्याने सगळ्यात आधी ऐकला तरी चालेल.

आणखी एक. पिएतात पुरुष गायक नव्हते. टेनर आणि बासच्या, म्हणजे एरवी पुरुषांच्या, ओळीही त्या मुली आणि बायकाच गात. अलीकडे काही संच केवळ स्त्रियांच्या आवाजात 'ग्लोरिया' सादर करतात. मी बास असूनही सांगतो, तो आवाज ऐकल्याशिवाय राहू नका.

'ग्लोरिया'नंतर 'स्ताबात मातेर' (आरव्ही ६२१). अल्टो (खालच्या पट्टीतला स्त्री-आवाज) आणि तारवाद्यं, बस्स. १७१२ साली ब्रेशा गावासाठी लिहिलेलं. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेचं दुःख. शेवटचं 'आमेन' सोडलं तर यात जलद भाग नाही. ज्याला विवाल्दी म्हणजे नुसती धावपळ वाटते त्याला हे द्या.


नवा श्रोता:

काल रात्री भाषांतर समोर ठेवून 'ग्रीष्म' ऐकला. हलून गेलो. मला वाटायचं उन्हाळा म्हणजे युरोपात सुट्टीचा, आनंदाचा ऋतू. इथे तर सुरुवातीलाच माणसं आणि जनावरं उन्हाने गळून गेली आहेत. संगीत चालतंय की थांबतंय कळत नाही.


आसावरी:

@नवा श्रोता, अगदी नेमकं! 'ग्रीष्मा'त उन्हाने दमलेला मेंढपाळ वादळाच्या भीतीने रडतो. पहिल्या भागाच्या शेवटाकडे एकटं व्हायोलिन अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरतं, ते त्याचं रडणं. दुसऱ्या भागात त्याला झोप लागत नाही, माश्या आणि डास घोंगावताहेत, आणि दर थोड्या वेळाने सगळा वृंद अचानक गडगडतो. तिसऱ्या भागात वादळ येतं आणि गारपीट उभं पीक आडवं करते. त्याची भीती खरी ठरते, आणि रचना तिथेच संपते. दिलासा नाही.

गारपिटीत पीक जाणं म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. हा तिसरा भाग जाहिरातींत आणि स्केटिंगच्या स्पर्धांत नुसता थरार म्हणून वाजतो. सुनीताची शेवटची ओळ माहीत असेल तर तो तसा ऐकताच येत नाही.

आणि तुमच्या हिंदुस्थानी कानासाठी एक मुद्दा. आपला मल्हार किंवा बसंत ऋतूचा भाव उभा करतो, त्यात घटना घडत नाहीत. विवाल्दीच्या ऋतूंत क्रमाने घटना घडतात, कुणाला तरी काहीतरी होतं. म्हणून पहिल्यांदा ऐकताना भाव शोधण्यापेक्षा गोष्ट शोधा.


तिसरा प्रहर:

आसावरी, 'ग्रीष्मा'बद्दलचं सगळं मान्य. सुनीत हातात असेल तर सुरुवात तिथून करायला माझी हरकत नाही. माझी अट फक्त एवढीच, की माणूस तिथे थांबू नये.


जुनी तबकडी:

उशिरा येतोय, पण हा धागा पाहून लिहिल्यावाचून राहवत नाही. विवाल्दीवर कायम एक टोमणा मारला जातो, की त्याने एकच कॉन्चेर्तो शेकडो वेळा लिहिला. ज्यांच्यापाशी त्याच्या पाच-दहा रचना होत्या त्या काळातल्या लोकांनी तसं म्हणणं मी समजू शकतो. आपण म्हणू नये. कारण शंभर वर्षांपूर्वी यातलं बहुतेक संगीत कुणी ऐकलेलंच नव्हतं.

तो १७४१ साली व्हिएन्नात वारला. सम्राट सहावा चार्ल्स आश्रय देईल या आशेने गेला असावा, पण सम्राटच १७४० साली गेला. विवाल्दीचा दफनविधी गरिबाचा झाला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं तो विस्मरणात. एकोणिसाव्या शतकात बाखचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं, की बाखने याचे कॉन्चेर्तो उतरवून घेतलेत, तेव्हा कुठे थोडी चौकशी सुरू झाली.

मग १९२६ साल. इटलीत पिएमाँत भागात बोर्गो सान मार्तिनो इथे सेलेशियन धर्मगुरूंची निवासी शाळा होती. इमारतीच्या दुरुस्तीला पैसे हवे होते म्हणून त्यांनी जुन्या ग्रंथांचा साठा विकायला काढला आणि तोरिनोच्या (ट्युरिनच्या) राष्ट्रीय ग्रंथालयाला किंमत विचारली. तिथे आल्बेर्तो जेन्तिली या संगीत-अभ्यासकाने पेट्या उघडल्या, तर आत विवाल्दीच्या हस्तलिखितांचे चौदा खंड. ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ या शेअरदलालाने ते विकत घेऊन ग्रंथालयाला दिले, आपल्या वारलेल्या तान्ह्या मुलाच्या, माउरोच्या स्मरणार्थ.

पुढे जेन्तिलीच्या लक्षात आलं, की खंडांचे क्रमांक तुटक आहेत, म्हणजे साठ्याचा दुसरा अर्धा भाग कुठेतरी असणार. शोध घेत घेत तो जेनोव्हाच्या दुरात्सो घराण्याकडे सापडला. १९३० साली फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदाराने तो विकत घेऊन दिला, त्याच्याही वारलेल्या लहान मुलाच्या, रेन्झोच्या नावाने. आज तोरिनोत हे दोन संग्रह माउरो फोआ आणि रेन्झो जोर्दानो याच नावांनी आहेत. मांडवीकाठ यांनी सांगितलेली 'ग्लोरिया' आणि 'स्ताबात मातेर' याच साठ्यातून आली.

जेन्तिलीचं पुढे काय झालं हेही लिहायला हवं. तो ज्यू होता. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी त्याची नोकरी गेली आणि या साठ्यावर काम करण्याचा मानही हिरावला गेला. सप्टेंबर १९३९ मध्ये सिएनाला 'विवाल्दी सप्ताह' झाला, त्यात संगीतकार आल्फ्रेदो कासेल्लाने 'ग्लोरिया' पुन्हा लोकांसमोर आणली. तेव्हा युद्ध सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

'फोर सीझन्स' छापील असल्याने या साठ्यावर अवलंबून नव्हतं, तरी त्याची लोकप्रियताही युद्धानंतरचीच. लुई कॉफमनने १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण, मग इटलीच्या 'ई मुझिची' संचाचं १९५५ चं आणि पुन्हा १९५९ चं, दोन्हींत एकल व्हायोलिन फेलिक्स आयोचं. माझ्याकडे १९५९ ची तबकडी आहे. आजच्या कानाला ती संथ वाटेल, पण स्वरांचा गोडवा असा की ठेवून द्यावीशी वाटत नाही. १९८९ मध्ये नायजेल केनेडीचं आलं, त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९० च्या दशकात 'इल जार्दिनो आर्मोनिको' या मिलानच्या संचाने जुन्या पद्धतीच्या तारा आणि गज वापरून 'शिशिर' असा वाजवला की थंडी ऐकू यावी. नव्या श्रोत्याने आयो आणि जार्दिनो असे दोन्ही 'शिशिर' लागोपाठ ऐकावेत. तेच स्वर, आणि दोन वेगळे हिवाळे.


हिमगंध:

तबकडीकाका, ही हकिगत मला अजिबात माहीत नव्हती. लेकीलाही वाचून दाखवली. धन्यवाद.


बासरीवाला:

बासरी वाजवणाऱ्यांकडून ऑपस १० ची भर. सहा कॉन्चेर्तो, आडव्या बासरीसाठी, १७२८-२९ च्या सुमारास छापलेले. आडव्या बासरीसाठी छापलेल्या कॉन्चेर्तोंच्या अगदी सुरुवातीच्या संचांपैकी हा एक.

तिसरा 'इल गार्देल्लिनो', म्हणजे गोल्डफिंच पक्षी. बासरी एकटीच त्या पक्ष्याची शीळ घालते, ताल सोडून, मोकळी. हा सगळ्यांना आवडतो. मला मात्र दुसरा, 'ला नोत्ते', रात्र, जास्त जवळचा. जी मायनर. यात नेहमीचे तीन भाग नाहीत, छोटे छोटे तुकडे आहेत. एका तुकड्याला 'भुतं' असं नाव दिलंय, एकाला 'झोप'. झोपेच्या तुकड्यात वाद्यं इतकी हळू हलतात की पुढचा स्वर येणार की नाही याची वाट पाहत श्वास रोखला जातो. वाजवायला सोपा दिसतो. तो लांब स्वर न थरथरता धरायचा तर फुंकीवर वर्षानुवर्षांची मेहनत लागते.

आता आपल्याशी नातं असलेली एक गोष्ट. विवाल्दीच्या एका व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या (आरव्ही २०८, डी मेजर) हस्तलिखित प्रतीवर 'ग्रोस्सो मोगुल' असं नाव आहे. म्हणजे आपला मुघल बादशहा. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ वारला तेव्हा विवाल्दी पिएतात शिकवत होता, आणि मुघलांच्या ऐश्वर्याच्या कथा युरोपात सगळीकडे पसरलेल्या होत्या. कॉन्चेर्तोत भारतीय संगीत शोधू नका, ते नाही. पण मधल्या भागात व्हायोलिन एकटं, तालाशिवाय, बोलल्यासारखं वाजतं, आणि शेवटच्या भागात एकट्या वादकासाठी लांबलचक, अतिशय कठीण तुकडा लिहून दिलाय. दरबाराचा थाट त्याला दाखवायचा असावा. बाखने हाही ऑर्गनसाठी उतरवला.

शिवाय 'इल ग्रान मोगोल' नावाचा एक बासरी कॉन्चेर्तो होता, तो हरवला आहे असंच सगळे मानत होते. २०१० साली एडिंबरोला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, लोथियन घराण्याच्या कागदपत्रांत, तो सापडला. एका व्हायोलिनचा कागद नाही, पण दुसऱ्या एका संबंधित रचनेवरून तो भरून काढता आला. मी तो ऐकतो तेव्हा अडीचशे वर्षं कुणीच न ऐकलेलं काही ऐकतोय या जाणिवेने अंगावर काटा येतो.


नवा श्रोता:

'ला नोत्ते' ऐकली. 'झोप' ऐकताना तानपुऱ्याची आठवण झाली, फक्त इथे तानपुराच सरकतोय. आता कंठसंगीत ऐकायचं आहे. धार्मिक सोडून काही आहे का?


तिसरा प्रहर:

भरपूर. एका पत्रात विवाल्दीने आपण ९४ ऑपेरे केल्याचं म्हटलंय. आज त्यांतले वीसच्या आसपास हाती आहेत. पूर्ण ऑपेरा लगेच नको, एकेक आरिया, म्हणजे त्यातलं एकट्या पात्राचं गाणं, घ्या.

'इल जुस्तिनो' (रोम, १७२४) मधली 'व्हेद्रो कोन मिओ दिलेत्तो'. प्रियेपासून दूर जाणाऱ्या सम्राटाचं गाणं. खाली तारा एकसारख्या हळू चालत राहतात आणि वर एक लांब ओळ. फिलिप जारूस्की या काउंटरटेनरने (स्त्री-आवाजाच्या पट्टीत गाणारा पुरुष) गायलेली ऐका. याच ऑपेऱ्यात एके ठिकाणी 'वसंता'ची सुरावट येते, ओळखू येते का बघा.

मग 'फार्नाचे' मधली 'जेलिदो इन ओन्यी व्हेना'. आपण पोटच्या मुलाला मारलं असं समजून बापाचं रक्त गोठलंय. आणि सुरुवातीलाच 'शिशिरा'तली ती थरथर ऐकू येते. एकच कल्पना, तिकडे हवेतली थंडी, इकडे माणसाच्या आतली. चेचिलिया बार्तोलीचा १९९९ चा विवाल्दी आरियांचा संग्रह यासाठी मिळवाच. तो आल्यानंतर विवाल्दीच्या ऑपेऱ्यांकडे लोकांचं खऱ्या अर्थाने लक्ष गेलं.


मांडवीकाठ:

धार्मिक नको म्हणालात तरी एक सांगतोच: 'निसि दोमिनुस' (आरव्ही ६०८) मधला 'कुम देदेरित'. पाच-सहा मिनिटांचा. देव आपल्या लाडक्यांना झोप देतो, असे शब्द. संथ झुलता ताल, आवाज अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढतो. आरियांनंतर लगेच लावा.

आणि सवड असेल तेव्हा 'युदिथा त्रिउम्फान्स', १७१६. तुर्कांविरुद्ध कोर्फू बेट राखल्याच्या विजयाचा ओरातोरिओ (अभिनयाशिवाय गायलेलं धार्मिक संगीतनाट्य). त्यातल्या सेनापतीपासून सैनिकांपर्यंत सगळ्या भूमिका पिएतातल्या मुलींनी गायल्या. मँडोलिन, व्हियोला द'आमोरे, शालुमो (क्लॅरिनेटचा पूर्वज) अशी वेगवेगळी वाद्यं वेगवेगळ्या आरियांना दिली आहेत. युदिथ आपल्या दासीला सोबत बोलावते त्या आरियेत शालुमो पारव्यासारखा घुमतो.


आसावरी:

मँडोलिनवरून आठवलं. मँडोलिनचा सी मेजर कॉन्चेर्तो (आरव्ही ४२५) आणि ल्यूटचा डी मेजर (आरव्ही ९३). दुसरा बहुतेक वेळा गिटारवर वाजतो. त्याचा लार्गो घरातल्या कुणालाही, अगदी 'मला नाही असलं संगीत कळत' म्हणणाऱ्यालाही, ऐकवा. दोन चेलोंचा जी मायनर (आरव्ही ५३१) मात्र एकट्याने ऐकायचा. त्याच्या संथ भागात दोन चेलो एकमेकांशी बोलतात, बाकी वृंद बाजूला होतो.

@नवा श्रोता, आरव्ही म्हणजे पीटर रियोम या डॅनिश अभ्यासकाने केलेल्या सूचीतला क्रमांक. शोधताना क्रमांकच टाका. 'विवाल्दी जी मायनर' एवढंच टाकलंत तर डझनावारी निघतील.


नवा श्रोता:

सगळं उतरवून घेतलंय. शेवटचा प्रश्न. 'फोर सीझन्स' एका ठिकाणी प्रत्यक्ष ऐकलं, तेव्हा मागे एक मोठं लाकडी वाद्य होतं, खर्जात वाजणारं, फुंकायचं. ते वाजत असताना मला सारखं त्याच्याकडेच बघावंसं वाटत होतं. ते एकटं वाजतं का कधी?


जुनी तबकडी:

त्या वाद्याचं नाव 'बसून' (bassoon), म्हणजेच फगॉट. मूळ 'फोर सीझन्स'मध्ये तो नाही, पण खर्जाच्या साथीला काही संच घेतात. आणि तुमचा प्रश्न अगदी योग्य माणसाबद्दल आहे: विवाल्दीने बसूनसाठी ३९ कॉन्चेर्तो लिहिले, व्हायोलिनखालोखाल सगळ्यात जास्त. त्याच्या आधी या वाद्याला असं पुढे कुणी बसवलं नव्हतं. ते कुणासाठी लिहिले यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

ई मायनरपासून सुरुवात करा, आरव्ही ४८४. तारा घाईघाईने, अस्वस्थ सुरू होतात. बसून आला की आधी खोल खर्जातून एक उडी, मग वरच्या पट्टीत जवळजवळ माणसाच्या आवाजात गाणं. दोन्ही आवाज एकाच नळीतून निघतात यावर विश्वास बसत नाही. मधला आंदान्ते, म्हणजे मध्यम संथ भाग, दोनदा ऐका, पहिल्यांदा बसूनकडे लक्ष ठेवून आणि दुसऱ्यांदा खालच्या तारांकडे. मग 'ला नोत्ते' या नावाचाच बसून कॉन्चेर्तोही आहे, आरव्ही ५०१. बासरीवाला यांच्या आवडत्या रात्रीचं हे दुसरं रूप. त्यात शेवटी पहाट होते.